वचन सभेत, अटी हुकुमात: फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतली 1918ची सैन्यभरती

1918 साल उजाडलं तेव्हा फ्रान्सकडे माणसं उरली नव्हती. साडेतीन वर्षांच्या युद्धात दहा लाखांहून अधिक फ्रेंच सैनिक मेले होते. रशिया युद्धातून बाहेर पडला होता, अमेरिकी सैन्य अजून पुरतं पोचलं नव्हतं, आणि वसंत ऋतूत जर्मनी मोठा हल्ला चढवणार हे उघड दिसत होतं. नोव्हेंबर 1917 मध्ये पंतप्रधान झालेले जॉर्ज क्लेमांसो यांनी मग पुन्हा एकदा आफ्रिकेकडे नजर वळवली. पश्चिम आफ्रिकेतून 40,000 आणि विषुववृत्तीय आफ्रिकेतून 7,000 रंगरूट मिळवायचे, असं लक्ष्य ठरलं. मिळाले सुमारे 77,000. तेही अशा मुलखातून, जिथे दोनच वर्षांपूर्वी भरतीच्या नावाने बंड पेटलं होतं.

हे कसं घडलं, याचं सोपं उत्तर फार वेळा दिलं जातं: भोळ्या माणसांना थापा मारून नेलं. मला ते उत्तर अपुरं वाटतं आणि त्या माणसांवर अन्याय करणारंही वाटतं. 1918च्या प्रचारात खरं बोललं गेलं होतं. लोकांना रोज सोसावा लागणारा अन्याय भर सभेत बोलून दाखवला गेला आणि त्यातून सुटायची वाट दाखवली गेली. ती वाट फक्त छावणीतून जात होती, आणि तिच्यावरच्या अटी कागदावर बारीक अक्षरात लिहिलेल्या होत्या. हे प्रकरण तपासायचं तर सभेतलं वचन आणि कागदावरच्या अटी शेजारी शेजारी ठेवून पाहावं लागतं.

आधीची तीन वर्षं

‘तिरायर सेनेगाले’ ही फौज 1857 साली लुई फेदेर्ब या गव्हर्नरने उभी केली. नाव सेनेगलचं असलं तरी तिच्यात सगळ्या पश्चिम आफ्रिकेतली माणसं होती, आणि सुरुवातीच्या काळात तर मालकांकडून पैसे मोजून सोडवलेले गुलामही होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शार्ल मांजां या सेनाधिकाऱ्याने सिद्धांत मांडला की फ्रान्सचा घटता जन्मदर आफ्रिकेतल्या माणसांनी भरून काढता येईल. 1912 च्या हुकुमाने सक्तीच्या भरतीची सोयही करून ठेवली: वय 20 ते 28, मुदत चार वर्षं.

युद्ध सुरू झाल्यावर हा हुकूम गावपातळीवर कसा उतरला ते नीट पाहण्यासारखं आहे. वरून आकडा यायचा. जिल्ह्याचा फ्रेंच अंमलदार तो स्थानिक सरदारांत वाटून द्यायचा, सरदार गावप्रमुखांवर लादायचे आणि गावप्रमुख ठरवायचा की कोणाच्या घरातला मुलगा जाणार. साहजिकच ज्याच्या पाठीशी कोणी नाही तो जायचा: पूर्वीच्या गुलामांची मुलं, पोरकी मुलं, बाहेरून येऊन राहिलेले, प्रमुखाशी ज्यांचं वाकडं होतं ते. डॉक्टर तपासणीत बहुतेकांना नापास करायचे, म्हणून आकडा भरायला आणखी माणसं पाठवावी लागायची. कागदावर यातले कित्येक ‘स्वखुशीने भरती’ म्हणून नोंदले गेले.

लोकांनी याला जमेल तसं उत्तर दिलं. पथक येतंय अशी कुणकुण लागली की तरुण रानात पळायचे. काहींनी स्वतःला अपंग करून घेतलं. सरहद्दीवरची हजारो माणसं कुटुंबकबिला घेऊन ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्ट (आजचा घाना) आणि गँबियामध्ये, पोर्तुगीज गिनीत, लायबेरियात निघून गेली. 1915च्या अखेरीला मात्र व्होल्टा आणि बानी या नद्यांच्या मुलखात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोच्या पश्चिम भागात आणि मालीच्या लगतच्या प्रदेशात, गावांनी सरळ शस्त्र उचललं. एका राजाच्या हाताखालची ही प्रजा नव्हती. स्वतंत्र गावांनी एकमेकांशी करार करून, शपथा घेऊन आघाडी बांधली होती. फ्रेंचांनी तोफा आणून शंभराहून अधिक गावं जमीनदोस्त केली, हजारो माणसं मारली. आधुनिक इतिहासात वसाहतवादाविरुद्ध आफ्रिकेत झालेल्या सर्वांत मोठ्या सशस्त्र उठावांपैकी हा एक आहे आणि तरी पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पुस्तकांत त्याला एक ओळही मिळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

प्रचार तेव्हाही चालूच होता. 1914च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने जिहाद पुकारला, तेव्हा फ्रेंच सरकारने पश्चिम आफ्रिकेतल्या मोठमोठ्या धर्मगुरूंकडून निष्ठेची पत्रकं मिळवली आणि छापून वाटली. सेनेगलमधल्या तिवावानचे धर्मगुरू एल हाज मालिक सी यांनी फ्रान्सच्या बाजूने आवाहन केलं आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ग्रीसमधल्या सालोनिकाच्या आघाडीवर मेला. पण धर्मगुरूंचं वजन त्यांच्या शिष्यपरिवारापुरतं होतं. व्होल्टाकाठच्या मुसलमान नसलेल्या शेतकऱ्याला त्याचं काय?

नको म्हणणारा गव्हर्नर जनरल

1917 मध्ये योस्ट व्हान व्होलेनहोव्हन हे डकारला फ्रेंच पश्चिम आफ्रिकेचे गव्हर्नर जनरल म्हणून आले. जन्माने डच, वाढले अल्जीरियात, आणि स्वतः आघाडीवर लढून जखमी झालेले. त्यांनी पॅरिसला स्पष्ट कळवलं की आता भरती पुरे. हा मुलूख माणसांनी गरीब आणि पिकाने श्रीमंत आहे. युद्धाला त्याच्याकडून भुईमूग, तेल, धान्य हवं असेल तर माणसं शेतात राहू द्या, नाहीतर पुन्हा बंड होईल. बोर्दोच्या व्यापारी पेढ्यांचंही हेच म्हणणं होतं, अर्थात त्यांचा जीव भुईमुगात अडकला होता.

क्लेमांसोंनी ऐकलं नाही. 11 जानेवारी 1918 ला नव्या भरतीचा निर्णय आला आणि तिची सूत्रं गव्हर्नर जनरलच्या बरोबरीच्या दर्जाने एका आफ्रिकी माणसाकडे देण्यात आली. सत्तेची ही वाटणी मान्य नाही म्हणून व्हान व्होलेनहोव्हन यांनी राजीनामा दिला, ते आपल्या पलटणीत परतले आणि जुलै 1918 मध्ये मार्नच्या दुसऱ्या लढाईत मारले गेले. त्यांच्या जागी हंगामी म्हणून गाब्रिएल आंगुलव्हां आले. आयव्हरी कोस्टमध्ये गावंच्या गावं मोडून ‘शांतता’ आणल्याबद्दल हे गृहस्थ प्रसिद्ध होते. नव्या भरतीला अशा दोन माणसांची जोड मिळाली: सभेत बोलणारे एक आणि कचेरीत बसलेले दुसरे. आपल्याकडे पहिल्याचं नाव राहतं आणि दुसऱ्याचं विसरलं जातं. माझ्या मते या प्रकरणात दोघांना एकत्रच वाचायला हवं.

ब्लेझ द्यान्य

तो आफ्रिकी माणूस म्हणजे ब्लेझ द्यान्य. जन्म 1872, डकारसमोरच्या गोरे या बेटावर. फ्रेंच शाळेत शिक्षण, मग अनेक वसाहतींमध्ये कस्टम्स खात्यातली नोकरी. 1914च्या मे महिन्यात ते फ्रेंच संसदेवर निवडून आले. तिथे बसलेले ते पहिले काळे आफ्रिकी खासदार.

ते निवडून आले ते सेनेगलच्या चार शहरांतून: सँ लुई, गोरे, रुफिस्क आणि डकार. इथल्या रहिवाशांना 1848 पासून मताचा अधिकार होता, पण ते पूर्ण नागरिक आहेत की नाहीत याचा घोळ सरकारने जाणूनबुजून ठेवला होता. द्यान्य यांनी युद्धाचा उपयोग करून तो सोडवला. आमचे लोक लढतील, पण गोऱ्या फ्रेंचांसारखे नियमित सैन्यात, आणि नागरिक म्हणून, अशी त्यांची मागणी होती. 1915 मध्ये सैन्यात घेण्याचा कायदा झाला आणि 29 सप्टेंबर 1916 च्या कायद्याने या शहरांचे मूळ रहिवासी आणि त्यांचे वंशज फ्रेंच नागरिक आहेत हे एकदाचं पक्कं झालं.

हा कायदा अवघ्या काही ओळींचा आहे, पण त्यातला एक भाग फार महत्त्वाचा आहे: ‘आणि त्यांचे वंशज’. हक्क समाजाला मिळाला. कोण लढला, कोणाला पदक मिळालं, कोणाचा हात तुटला, असल्या अटी त्यात नाहीत. रक्ताच्या बदल्यात हक्क, हा सौदा द्यान्य यांनी एकदा करून दाखवला होता आणि तो वटला होता. 1918 मध्ये ते लोकांसमोर उभे राहिले तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांना फितूर ठरवण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यायला हवं. शिवाय 1917च्या वसंतात ईशान्य फ्रान्समधल्या शमँ दे दाम इथे मांजांच्या हाताखाली तिरायरांच्या तुकड्यांची कत्तल झाली, थंडीत काकडलेली माणसं मशीनगनसमोर ढकलली गेली, तेव्हा संसदेत त्यावर आवाज उठवणारेही द्यान्यच होते.

क्लेमांसोंकडून त्यांनी आधी किंमत वसूल केली. 14 जानेवारी 1918 चे हुकूम हे या मोहिमेचं खरं भांडवल. सैनिकाला आणि त्याच्या जवळच्या कुटुंबाला ‘अँदिजेना’मधून सूट. या कायद्याखाली जिल्ह्याचा अंमलदार खटला न चालवता कोणाही प्रजाजनाला पंधरा दिवस कोठडीत टाकू शकत होता, शंभर फ्रँकपर्यंत दंड करू शकत होता. सलाम केला नाही एवढं कारणही पुरायचं. शिवाय कुटुंबाला डोईपट्टीतून सूट. परत आलेल्यांसाठी काही सरकारी नोकऱ्या राखीव. युद्धात ठराविक पदकं मिळवणाऱ्याला नागरिकत्वाची वाट. आणि डकारला वैद्यकीय शाळा, शेतीची शाळा, जखमी सैनिकांसाठी रुग्णालयं.

सभा

फेब्रुवारी 1918 मध्ये द्यान्य डकारला उतरले ते एकटे नव्हते. त्यांच्यासोबत छातीवर पदकं लावलेले आफ्रिकी अधिकारी होते. पुढे 1934 मध्ये त्यांच्या जागी खासदार झालेले गालांदू द्यूफ त्यांच्यापैकीच. त्यानंतरचे काही महिने ही मंडळी सेनेगलपासून आत नायजरच्या खोऱ्यापर्यंत, बामाकोला, मोसींच्या मुलखात आणि दक्षिणेकडच्या वसाहतींमध्ये फिरली.

या भागात अक्षरओळख असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फ्रान्समध्ये भिंतीवर चिकटवली जाणारी भित्तिपत्रकं इथे निरुपयोगी होती. इथे जे चालायचं ते ‘पालाब्र’: झाडाखाली किंवा जिल्हा कचेरीसमोरच्या मैदानात लांबलचक बैठक, सरदार पुढे, त्यांची माणसं मागे, आणि वाक्यावाक्याला थांबून भाषांतर करणारा दुभाष्या. अशा बैठका लोकांनी आजवर शेकडो पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक बैठकीत गोरा साहेब बसलेला आणि काळा माणूस उभा असायचा. आता एक काळा माणूस प्रजासत्ताकाचा कमिशनर म्हणून मानाच्या जागी होता आणि जिल्ह्याचा गोरा अंमलदार त्याच्या दिमतीला. ज्याने काल तुमच्या वडिलांना कोठडीत टाकलं तो आज या माणसासमोर अदबीने उभा राहतो, हे पाहणाऱ्याला दुभाष्याची गरज पडली नसेल. माझ्या मते मोहिमेतला सगळ्यात परिणामकारक प्रचार हाच होता आणि तो एक शब्दही न बोलता झाला. फ्रेंच अधिकाऱ्यांना तो किती झोंबला हे त्यांच्या तक्रारींवरून दिसतं.

भाषणांचा गाभा एकच होता: युद्धात रक्त सारखं सांडलं की हक्कही सारखे मिळतील. गावचा आकडा भरण्याऐवजी सरदारांनी स्वतःचे मुलगे पाठवावेत, असा आग्रह द्यान्य यांनी धरला, आणि बऱ्याच सरदारांनी ते पाठवलेही. याचा अर्थ खालपर्यंत पोचला. आधी ज्याला कोणी नाही तो जात होता. आता सरदाराचा पोरगा रांगेत दिसत होता. भरती ही शिक्षा राहिली नाही, निदान तशी दिसली नाही.

ऑगस्टअखेर पश्चिम आफ्रिकेतून सुमारे 63,000 आणि विषुववृत्तीय आफ्रिकेतून सुमारे 14,000 माणसं उभी राहिली. सगळ्यांत मोठा वाटा अप्पर सेनेगल-नायजर या वसाहतीचा होता, म्हणजे बंड झालेला मुलूख जिच्यात येत होता तिचाच.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं. ज्या वसाहतीत दोन वर्षांपूर्वी गावं राख झाली, तिथून सर्वाधिक रंगरूट ‘उत्साहाने’ येतात, याचं श्रेय केवळ भाषणांना देता येईल का? तोफा काय करतात हे त्या लोकांनी पाहिलं होतं. नकार दिला तर पुढे काय, हे कोणी सभेत सांगायची गरज नव्हती. 1980च्या दशकात सेनेगलमध्ये हयात असलेल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्यांत हा गुंता स्पष्ट दिसतो. काहीजण द्यान्य यांच्या शब्दावर विश्वास ठेवून गेले होते. काहींना घरच्यांनी सांगितलं म्हणून, भावाच्या बदल्यात म्हणून, सरदाराला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून ते गेले. सक्तीची ठळक खूण पुसली गेली तरी तिची आठवण काम करतच होती. तोफांनी आधी जमीन नांगरून ठेवली नसती तर भाषणांचं बी इतकं रुजलं असतं असं मला वाटत नाही.

आणि ज्यांच्या नावाने वचनं दिली जात होती त्यांचं मत काय होतं? द्यान्य आफ्रिकेत उतरले त्याच फेब्रुवारीत, 20 तारखेला, क्लेमांसो पॅरिसमध्ये सिनेटरांसमोर बोलले. ‘एका फ्रेंच माणसापेक्षा दहा काळी माणसं मेलेली मला चालतील, या शूर काळ्यांबद्दल मला कितीही आदर असला तरी. कारण पुरेसे फ्रेंच मारले गेले आहेत,’ अशा आशयाचं ते बोलणं नोंदलेलं आहे. आपण त्यांना सभ्यता देणार आहोत, तिचं मोल त्यांनी द्यायला हवं, असंही ते म्हणाले. झाडाखालच्या सभेत सांगितलेला सौदा आणि सिनेटरांना सांगितलेला सौदा वेगवेगळे होते.

वटलेलं काय, बुडालेलं काय

11 नोव्हेंबर 1918 ला युद्ध थांबलं. त्या वर्षी भरती झालेले बहुतेक रंगरूट तेव्हा प्रशिक्षणाच्या छावण्यांतच होते. त्यांनी आघाडी पाहिलीच नाही. रँस शहर वाचवण्यासाठी त्या उन्हाळ्यात लढलेले तिरायर आधीच्या वर्षांतले होते. सगळ्या युद्धात मिळून सुमारे 30,000 तिरायर मेले. 1918च्या रंगरूटांना लगेच घरीही सोडलं नाही: मोरोक्को, सीरिया-लेबनॉन आणि ऱ्हाइनकाठचा जर्मनी इथे ताबा ठेवणारी फौज म्हणून त्यांना ठेवलं गेलं. ऱ्हाइनकाठी मग जर्मन वृत्तपत्रांनी त्यांच्याविरुद्ध ‘काळा कलंक’ नावाने अत्यंत किळसवाणा वंशद्वेषी प्रचार चालवला. फ्रेंचांनी ज्यांची निष्ठावान वीर म्हणून चित्रं काढली, त्यांचीच जर्मनांनी राक्षस म्हणून काढली, आणि त्या माणसांना दोन्हीकडे कोणी विचारलं नाही.

वचनांपैकी डकारची वैद्यकीय शाळा खरोखर सुरू झाली. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतल्या आफ्रिकी वैद्यकांच्या कित्येक पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या. हे श्रेय द्यान्य यांना द्यायलाच हवं. पेन्शन मिळालं, पण गोऱ्या सैनिकापेक्षा कमी दराने. डोईपट्टी आणि अँदिजेनामधली सूट सैनिकापुरती आणि त्याच्या घरापुरती राहिली. गावासाठी अँदिजेना तसाच चालू राहिला आणि 1946 मध्ये गेला.

नागरिकत्वाचं काय झालं हे पाहताना 1916चा कायदा आठवावा. तिथे हक्क समाजाला आणि वंशजांना होता. 1918च्या हुकुमात तो एकेका माणसाला होता: त्याच्याकडे अमुक पदक असेल, त्याने अर्ज केला असेल, आणि तो अर्ज मंजूर झाला असेल तर. सभेत ‘तुम्हाला हक्क मिळतील’ हे ऐकताना मैदानातल्या प्रत्येकाने ते आपल्या सगळ्यांसाठी ऐकलं. हुकूम वाचणाऱ्या कारकुनाला मात्र समोर एकच अर्जदार दिसत होता. आणि युद्ध संपल्यावर छावणीत पोचलेल्या माणसाने लढाईतलं पदक आणायचं कुठून? या दारातून आत गेलेली माणसं संपूर्ण पश्चिम आफ्रिकेत मोजकीच निघाली. चार शहरांच्या जुन्या रहिवाशांना जे मिळालं ते मोसी किंवा बांबारा जमातीच्या शेतकऱ्याला देण्याचा पॅरिसचा इरादा कधीच नव्हता, असं माझं ठाम मत आहे. कोट्यवधी आफ्रिकी मतदारांची संसद फ्रान्सला परवडणारी नव्हती.

खरा घाव 30 जुलै 1919 ला बसला. त्या दिवशीच्या हुकुमाने पश्चिम आणि विषुववृत्तीय आफ्रिकेत शांततेच्या काळातही सक्तीची भरती कायम झाली, मुदत तीन वर्षं. युद्धापुरतं म्हणून जे मागितलं ते आता दरवर्षी द्यायचं होतं. 1926 पासून तर सैन्यात न घेतलेल्या रंगरूटांचा ‘दुसरा वाटा’ काढून त्यांना फ्रेंच सुदानमधल्या (आजचा माली) कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर लष्करी शिस्तीखाली जुंपण्याची सोय झाली. ही उघडउघड वेठबिगारी होती. 1930 मध्ये जिनिव्हाला वेठबिगारीवर आंतरराष्ट्रीय करार होत असताना फ्रान्सची बाजू मांडायला गेले होते ब्लेझ द्यान्य. 1918च्या द्यान्य यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. 1930च्या द्यान्य यांच्याबद्दल नाही.

1924चा खटला

या भरतीची उघड चौकशी एकदाच झाली, तीही आडवळणाने. ऑक्टोबर 1924 मध्ये पॅरिसच्या ‘ले काँतिनाँ’ या पत्रात लेखक रने माराँ यांनी आरोप केला की द्यान्य यांना दर रंगरूटामागे दलाली मिळाली. दाहोमेचे (आजचा बेनिन) कोजो तोव्हालू हे या पत्राच्या संस्थापकांपैकी. द्यान्य यांनी बदनामीचा खटला भरला, तो जिंकला, आणि पत्र बंद पडलं. दलालीचा आरोप सिद्ध झाला नाही.

त्या खटल्यात साक्ष द्यायला लामिन सेंघोर उभे राहिले: सेनेगलचे, माजी तिरायर, विषारी वायूने फुप्फुसं जळालेले. निकालानंतर त्यांनी जे लिहिलं त्यात या प्रकरणाचा गाभा आला आहे असं मला वाटतं. दर डोई किती पैसे घेतले हे सिद्ध करण्याच्या नादी लागण्यापेक्षा, त्यांचं म्हणणं होतं, आंधळे झालेले, हातपाय गमावलेले सगळे सैनिक द्यान्य यांच्यासमोरून रांगेने चालवायला हवे होते. आणि न्यायालयाला विचारायला हवं होतं की एकाच लढाईत सारखीच जखम झालेल्या काळ्या आणि गोऱ्या सैनिकाला पेन्शन वेगवेगळं का. हा प्रश्न त्यांनी 1927 मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी मरेपर्यंत सभांमध्ये आणि लेखांमध्ये लावून धरला. मांडणी करताना आधार होता तो सरकारच्याच पेन्शनच्या तक्त्यांचा.